खर्च झाला, पाण्याचे काय?



संयोजकांनी विषय दिला आहे तो सार्वजनिक कामांवरचा सरकारी खर्च आणि न पाळलेली आश्वासने. विषय अर्थशास्त्राचा, आणि बोलायला बोलावले तत्त्वज्ञानाच्या माणसाला. आम्ही फोनवर त्यांना म्हटले, की आम्हाला स्वतःच्या पेन्शनचा हिशोब धड येत नाही. ते म्हणाले, म्हणूनच बोलावतोय. (हशा) तेव्हा ताळेबंदाची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नका. पण ‘वचन’ म्हणजे काय, यावर आम्ही तीस-पस्तीस वर्षे वर्गात बोललो आहोत. त्या एका शब्दाचे बोट धरून जेवढे जाता येईल तेवढे आज जाऊ.

सुरुवात 1973 च्या उन्हाळ्यापासून करतो. आपल्यापैकी पांढऱ्या केसांच्या मंडळींना 72 चा दुष्काळ वेगळा सांगायला नको. आमची बी.ए. झाली होती, एम.ए.ला पुण्याला जायचे तर पैसे नव्हते. नगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी कामावर आम्ही हजेरी लिहायला लागलो. हजेरीपटाला सगळे मस्टरच म्हणत. सकाळी नावे वाचायची, ओ मिळाली की खूण करायची, आठवड्याच्या शेवटी मापे घेऊन मजुरी काढायची. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. दुपारी सुकडी वाटायची. घरी मिलोची लाल भाकरी, ती खाणाऱ्यालाच तिची चव माहीत.

आमच्याकडे दोन कामे होती, एक पाझर तलाव आणि एक रस्ता. रस्ता गावाबाहेर निघून एका माळावर थांबत होता. एक म्हातारी रोज खडी फोडायला यायची. तिने एकदा विचारले, “भाऊसाहेब, ह्यो रस्ता जातो कुठं?” आम्ही नकाशा मागवून बघितला. नकाशातही तो माळावरच थांबत होता. तिला काय सांगायचे? आम्ही म्हणालो, पुढे नेणार आहेत. आमच्या आयुष्यातले ते पहिले सरकारी आश्वासन. दिले आम्ही, कुणी विचारले नव्हते, अधिकार नव्हता आणि माहितीही नव्हती. रस्ता आजही माळावरच थांबतो. तलावात मात्र पाऊस पडल्यावर पाणी साठले, खालच्या विहिरींना त्याचा उपयोगही झाला.

आता आपण सहज म्हणू, की रस्त्यावरचा पैसा वाया गेला. तसे आहे का? म्हातारीला आठवड्याची मजुरी मिळाली, तिच्या घरातली माणसे जगली. त्या कामाचे वचन रस्त्याचे नव्हतेच. वचन होते कामाचे आणि मजुरीचे, आणि ते पाळले गेले. रस्ता हे निमित्त होते.

हा मुद्दा घट्ट धरून ठेवा, कारण आजचे सगळे बोलणे त्याच्याभोवती आहे. सरकार सार्वजनिक कामावर पैसा घालते तेव्हा एका दमात दोन वेगळी वचने देत असते. पहिले असे की पैसा हिंडेल, हातांना काम मिळेल, मंदीत किंवा दुष्काळात बाजार चालू राहील. दुसरे असे की पूल होईल, कालवा होईल, शेतात पाणी येईल. पहिले वचन पैसा खर्च होताक्षणी पुरे होते. दुसरे काम शेवटाला गेल्याशिवाय पुरे होत नाही, नव्वद टक्के पूल म्हणजे पूल नव्हेच. आणि आमची तक्रार अशी आहे की आपल्या राजकारणाने पहिल्या वचनाची पावती दुसऱ्या वचनाच्या खात्यावर चिकटवायची सवय लावून घेतली. ‘पाणी कुठे आहे?’ असे विचारले की उत्तर येते, ‘आम्ही इतके हजार कोटी दिले.’

या विचाराचा मूळपुरुष म्हणून केन्सचे नाव घेतात. 1936 च्या ग्रंथात त्याने एक चमत्कारिक उदाहरण दिले आहे. सरकारने जुन्या बाटल्यांत नोटा भरून त्या बंद पडलेल्या कोळसाखाणीत पुराव्यात, वर गावचा कचरा टाकावा आणि लोकांना त्या खणून काढू द्याव्यात. एवढ्यानेही बेकारी हटेल. हे उदाहरण त्याची टवाळी करायला फार वापरतात, आणि त्याचे भक्तही तेवढेच वापरतात. पण दोघेही पुढचे वाक्य वाचत नाहीत. केन्स लगेच म्हणतो की घरे वगैरे बांधणे अर्थातच जास्त शहाणपणाचे. म्हणजे त्या माणसाला दोन्ही वचनांतला फरक नीट ठाऊक होता. खणणे वेगळे, बांधणे वेगळे.

ही अडचण फक्त आपलीच आहे असेही नाही. 2009 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने मंदीवर उतारा म्हणून 787 अब्ज डॉलरचा कायदा केला. त्या वेळी सांगितले गेले, की कामांची यादी तयार आहे, फावडे मारायचाच अवकाश. पुढच्याच वर्षी ओबामांनी एका मुलाखतीत कबूल केले की अशी ‘फावडे मारायला तयार’ कामे प्रत्यक्षात नसतातच. एवढी कबुली आपल्याकडच्या एखाद्या पालकमंत्र्याच्या तोंडून ऐकायची आमची फार इच्छा आहे.

आता आपल्या घरात येऊ. विदर्भात, भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाज 372 कोटी रुपयांचा, आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली येणार होती. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, म्हणजे बहुतेक पैसा केंद्राकडून. 2016 मध्ये सुधारित किंमत ठरली 18 हजार 494 कोटी. जवळजवळ पन्नास पट. महागाई धरा, कामात पडलेली भर धरा, भूसंपादनाचे वाढलेले दर धरा, तरीही पन्नास पट होत नाही. भूमिपूजनाला पस्तीस वर्षे उलटून गेली आणि कालव्यांची कामे अजून चालूच आहेत.

आम्ही त्या काळात नागपूरला शिकवत होतो. वर्गात ऑस्टिन चालला होता. जे. एल. ऑस्टिनचे म्हणणे थोडक्यात असे, की काही वाक्ये जगाचे वर्णन करत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते. ‘मी वचन देतो’ हे त्यातले पहिल्या नंबरचे वाक्य. पवनीकडचा एक मुलगा मागच्या बाकावर बसत असे. त्याचे गाव बुडणार होते, वडिलांची जमीन जाणार होती. राजीव गांधींची हत्या झाली त्या वर्षी, 1991 ला, तो तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, “सर, वचन देणारा गेला तर वचन कोणाचं राहतं?”

आम्ही त्याला पुस्तकी उत्तर दिले. हॉब्ज सांगितला. राज्य ही कृत्रिम व्यक्ती आहे, ती मरत नाही, राजा गेला तरी तिची वचने जिवंत राहतात. मुलाने ऐकून घेतले. मग म्हणाला, “म्हणजे बाबा मेले तरी चालतील, सरकार मरणार नाही.” त्याला चेष्टा करायची नव्हती. आम्हाला पुढे बोलता आले नाही, आणि ते न बोलणे आजवर आमच्या अंगावर आहे. इतक्या वर्षांनी इथे उभे राहून आम्ही त्यालाच उत्तर द्यायचा प्रयत्न करतोय, असे समजा.

आधी हे बघू, की गोसीखुर्दसारख्या ठिकाणी नेमके राहते काय. भिंत राहत नाही. भिंत उभी राहिली, दरवाजे बसले, पाणी अडले. राहतात ते कालवे, आणि त्यातही मुख्य कालव्याच्या पुढच्या वितरिका, लघुवितरिका आणि शेवटी शेतचारी. असे का? भिंतीचे काम मोठे, निविदा मोठी, यंत्रे मोठी, फोटोही मोठा. चारीचे काम किरकोळ. पन्नास शेतकऱ्यांचे बांध, मधे वनखात्याची पट्टी, कुणाची विहीर, कुणाची भाऊबंदकी. तिथे पैसा लवकर खर्च होत नाही. आणि खर्च हेच जर यशाचे माप असेल, तर मार्चअखेर निधी संपवायचा असलेला अधिकारी चारीकडे जाईल कशाला? तो मातीकाम काढेल. आम्ही इथे कुणा एका अधिकाऱ्याला किंवा कंत्राटदाराला चोर म्हणत नाही. चोऱ्यांच्या चौकशा झाल्या, होतील. आमचे म्हणणे त्याहून त्रासदायक आहे. सगळे प्रामाणिक असते तरी या मापाने चारी मागेच राहिली असती.

दुसरीकडे गंमत बघा. गंमत म्हणायची आपली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि याच जलाशयात येते. शेतात चारी पोचली नाही, शहराची गटारे मात्र धरणात पोचली. त्या कामाला ना भूमिपूजन लागले, ना सुधारित प्रशासकीय मान्यता. (हशा) हसू नका, काठच्या गावांना तेच पाणी आहे.

सुधारित प्रशासकीय मान्यता. सरकारी मराठीत लाडाने ‘सुप्रमा’. या शब्दावर एखाद्याने प्रबंध लिहावा. वचनात किंमत एक सांगितलेली असते, मुदत एक सांगितलेली असते. काही वर्षांनी सुप्रमा येते, किंमत बदलते, मुदत बदलते, आणि वचन मात्र तेच आहे असे मानले जाते. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा, की धर्म सगळे बदलले तर धर्मी तोच कसा? आणि ज्याला वचन दिले, त्याला कुणी विचारले का, की बाबा रे, आम्ही अट बदलतोय, चालेल का? सावकारसुद्धा कागद बदलताना कुळाचा अंगठा घेत असे.

हा प्रश्न एका धरणाचा नाही. कृष्णा खोऱ्यात लवादाच्या निवाड्याने 31 मे 2000 ही तारीख डोक्यावर होती. आपल्या वाट्याचे पाणी तोवर अडवले पाहिजे म्हणून 1996 मध्ये महामंडळ काढले, चढ्या व्याजाचे रोखे काढले, आणि एकाच वेळी शेकडो कामांचे नारळ फोडले. हेतू वाईट नव्हता. पण शंभर विहिरी दहा-दहा हात खणल्या तर पाणी एकीलाही लागत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा.

त्याचा हिशोब 2012 मध्ये पुढे आला. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीत ओलिताच्या क्षेत्राचे प्रमाण 2000-01 मध्ये 17.8 टक्के आणि 2009-10 मध्ये 17.9 टक्के असे छापून आले. दहा वर्षांत, 70 हजार कोटींच्या आसपास खर्च होऊन, 0.1 टक्का. केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. सरकारने नोव्हेंबरात श्वेतपत्रिका काढली, त्यात म्हटले की तुलनाच चुकीची आहे, वाढ बरीच जास्त आहे. ते म्हणणे अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. पाऊस कमीजास्त होतो, विहिरींचे ओलित मोजायची पद्धत वेगळी असते. पण त्या वादातला एक शब्द आम्हाला फार आवडला. ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’.

क्षमता! ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी हा भेद करून ठेवला. बीजात झाड असते ते क्षमतेने, अंगणात असते ते प्रत्यक्षात. सावलीला बसायचे तर दुसरेच लागते. धरण भरले, कालव्याचे काही किलोमीटर झाले, की कागदावर इतके हजार हेक्टर क्षमता निर्माण झाली असे लिहितात. शेतकऱ्याच्या उभ्या पिकाला ती क्षमता पाजता येत नाही. आणि मग शेवटचा प्रकार झाला. त्यानंतरच्या कितीतरी पाहणी अहवालांत ओलिताच्या टक्केवारीच्या रकान्यात छापलेले आहे: ‘उपलब्ध नाही’. आकडा गैरसोयीचा निघाला, तर आकडाच नाही. खर्चाचा रकाना मात्र कधी ‘उपलब्ध नाही’ असतो का, ते आपणच पाहा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हॉब्ज सांगणे ही आमची चूक होती. घरचेच सांगायला हवे होते. मीमांसकांनी वेदवाक्यांचे दोन प्रकार केले. एक विधी, म्हणजे ‘हे कर’ असे बांधणारे वाक्य. दुसरा अर्थवाद, म्हणजे स्तुती. अमुक देवता वेगवान आहे, अमुक यज्ञ थोर आहे. अर्थवाद खोटा नसतो, निरुपयोगीही नसतो, पण एकट्याने त्याला किंमत नाही. एखाद्या विधीशी जोडला गेला तरच तो प्रमाण. आमच्या मते निवडणुकीचा जाहीरनामा, भूमिपूजनाचे भाषण, अर्थसंकल्पातली टाळ्यांची वाक्ये हा सगळा अर्थवाद आहे. तो ऐकून आम्ही रागावत नाही. आम्ही एवढेच विचारतो, याचा विधी कुठे आहे? कोणी, केव्हा, काय करायचे आणि न केल्यास काय?

असा विधी महाराष्ट्राने एकदा करून दाखवला आहे, हे आपण विसरतो. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी 1965 च्या सुमारास प्रयोग केला, दुष्काळात तो राज्यभर गेला, आणि पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. कायद्यात लिहिले होते की नाव नोंदवल्यापासून पंधरा दिवसांत काम, आणि नाही दिले तर बेकार भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. एक रुपया! रक्कम हास्यास्पद, पण त्या एका रुपयाने अर्थवादाचा विधी झाला. भत्ता मिळवताना माणसाच्या नाकी नऊ येत, मस्टरवर भुते असत, अर्धवट रस्ते राज्यभर पडले. हे सगळे आम्ही जवळून पाहिले आहे, आमच्याच हातच्या मस्टरवर एक-दोन भुते होती अशी आम्हाला पुढे शंका आली. पण वचन मोडले तर मोडणाऱ्याला काहीतरी मोजावे लागेल, हे कायद्यात होते. आणि पैसे कुठून? शहरातल्या पगारदाराच्या खिशातून. आपल्या पगारपत्रकावर जो व्यवसाय कर कापला जायचा तो 1975 मध्ये याच कामासाठी सुरू झाला. कर कशाला, तेही सांगितलेले. 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला तो याच वाटेने.

म्हणजे रोजगाराचे वचन कायद्यात आले आणि बऱ्यापैकी पाळले गेले. पाण्याचे, रस्त्याचे, पुलाचे वचन मात्र आजही कोनशिलेवर आहे. कोनशिलेवर नाव कोणाचे, हस्ते कोणाच्या, उपस्थिती कोणाची, सगळे कोरलेले असते. काम पुरे करण्याची तारीख कोरलेली कोनशिला आम्ही अजून पाहिली नाही. कोणी पाहिली असेल तर कळवा, आम्ही स्वखर्चाने बघायला येऊ.

समोरून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘समृद्धी महामार्ग झाला की, त्याचे काय?’ झाला. 701 किलोमीटर, 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी, 2025 च्या जूनमध्ये शेवटचा तुकडा. त्याच्या गरजेबद्दल आणि त्यासाठी गेलेल्या बागायतीबद्दल आमचे मत वेगळे आहे, पण झाला हे खरे, आणि तो आमच्याच बाजूचा पुरावा आहे. उशीर झाला तर टोल उशिरा, टोल उशिरा तर कर्जाचे व्याज डोक्यावर. तिथे उशिराची किंमत उशीर करणाऱ्याकडेच येत होती. मुंबई-गोवा महामार्गाचे उलटे. पळस्पे ते इंदापूर, अवघे 84 किलोमीटर, 2011 मध्ये काम निघाले आणि पुढे किती गणपती त्या खड्ड्यांतून गेले ते चाकरमान्यांना विचारा. त्याच कोकणात, डोंगर फोडून, साडेसातशे किलोमीटरची रेल्वे 1990 ते 1998 या आठ वर्षांत झाली होती. तेव्हा ‘कोकणातली जमीनच अशी’ हे कारण निदान आमच्यापुढे नको. महामार्गाच्या उशिराची किंमत कोण देते? गाडीत पाठ धरून बसलेला प्रवासी. ठरलेली तारीख हुकली तर पुढच्या गणपतीचे आश्वासन मिळते, ते फुकट असते.

मग आमची मागणी काय? फार मोठी नाही. दरवर्षी अर्थसंकल्पात भांडवली खर्चाचा आकडा वाचून दाखवतात, केंद्राचा तर आता 11 लाख कोटींच्या वर गेला. त्या आकड्याला आमचा विरोध नाही, मंदीत सरकारने हात आखडता घ्यावा असे म्हणणारे आम्ही नाही. पण प्रत्येक मोठ्या कामापुढे, खर्चाच्या शेजारी, दुसरा रकाना हवा. यंदा किती शेतांत चारीने पाणी पोचले, गावांची नावे. चारी पुरी झाल्याशिवाय त्याच खोऱ्यात नव्या कामाचा नारळ नको. आणि मुदत हुकली तर ज्याची जमीन गेली, ज्याला पाणी मिळायचे होते, त्याला दरवर्षी काहीतरी भत्ता. एक रुपया चालेल. पागेंच्या कायद्यातला एक रुपया. पण तो द्यायला कुणीतरी सरकारी माणूस त्याच्या दारात गेला पाहिजे, सही घेतली पाहिजे, आणि का देतोय हे सांगितले पाहिजे.

तो पवनीचा मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. पुनर्वसनाच्या गावठाणात राहतो, अठरा नागरी सुविधांतल्या किती मिळाल्या याची त्याच्याकडे वही आहे. वडील गेले. मध्यंतरी नागपूरला एका लग्नात भेटला. आम्ही विचारले, कालवा आला का? म्हणाला, “कालवा आला सर. पाणी यायचं आहे.”

बाकीच्या चिठ्ठ्या इकडे द्या, एकेक घेऊ.